कोल्हापूर राजारामपुरीतलं ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, पोरांना रोजची कामं जमावीत म्हणूनची थेरपी) सेंटर: मॅडम लै भारी, पॅकेज जरा जपून
नाव मुद्दाम टाकत नाही कारण काही गोष्टी खटकल्यात. माझा भाचा सहा वर्षांचा, ऑटिझम आहे, कुकरची शिट्टी झाली की कान दाबून धरतो, चवड्यांवर चालतो, शर्टाचं बटण लावता येत नाही आणि गणपतीतल्या डॉल्बीचं तर विचारूच नका, मिरवणुकीच्या दिवशी बहीण त्याला घेऊन गावाकडंच जाते.

हॉल मोठाय, छताला टांगलेले झोके, बोल्स्टर, ट्रॅम्पोलिन, बॉल पूल, सगळं आहे. पण ते बघून भुलू नका, खरी किंमत ओटी मॅडमची. पोरगं आल्या आल्या झोक्यावर बसवलं नाही, आधी नुसतं बघत बसल्या, मग बहिणीला जेवण, झोप, अंघोळ, केस कापणं सगळं खोदून खोदून विचारलं. सेन्सरी इंटिग्रेशनची (आवाज, स्पर्श, हालचाल अशा संवेदनांचा मेळ बसवायची) ही पद्धत जीन एअर्स या अमेरिकन ओटी बाईंची, त्यात झोका किती, कसा हे पोराच्या प्रतिसादावरनं ठरवायचं असतं, घाबरलं तर तिथंच थांबायचं, आणि मॅडम तसंच करतात. घरी पण काम देतात, कणीक मळायची, अर्धी बादली उचलून न्यायची, भिंत ढकलायची, म्हणजे स्नायू-सांध्यांवर जोर पडतो आणि आमचा गडी त्यानंतर जरा शांत बसतो. बटणाला मात्र खराखुरा शर्टच आणायला सांगितला, मोठ्या बटणांचा, झोके खाऊन बटण लागणार नाही म्हणाल्या. आता वरची दोन लावतोय!

खटकलं ते रिसेप्शनवर. पोरगं शांत बसावं म्हणून वजन घातलेलं जॅकेट घ्या, हेडफोनवर गाणी ऐकवायचं पॅकेज घ्या, तीन महिन्यांचे पैसे आधी भरा. जॅकेटचा फारसा फायदा अभ्यासांत दिसलेला नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ मध्येच सांगितलंय की सेन्सरी थेरपी एकूण उपचारांचा एक भाग म्हणून चालेल, पण पुरावा अपुरा आहे, आईबापांना तसं स्पष्ट सांगा आणि फरक पडतोय का ते तपासत राहा. आम्ही जॅकेट नको म्हटलं, मॅडमनी काही आग्रह केला नाही.

बिल पक्कं मागून घ्या, निरामय विमा (ऑटिझमसारख्या अपंगत्वासाठीचा सरकारी आरोग्य विमा) असेल तर थेरपीचे थोडे पैसे परत मिळतात.

चार स्टार. सकाळचा स्लॉट मिळाला तर बघा, शाळेतनं थेट आणलं की पोरगं दमलेलं असतं आणि अर्धं सेशन रडण्यातच जातं.