राजदूत 350: अडकलेला कार्ब ओढून काढावा की रबरासकट उतरवावा?

एस्कॉर्ट्सने 1983 मध्ये आणलेली राजदूत 350 मोटरसायकल वर्षानुवर्षं उभी राहिली, की क्लॅम्प सैल करूनही तिचे जुळे कार्ब (कार्बुरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारे भाग) जागचे हलत नाहीत. बहुतेक वेळा मॅनिफोल्डचं, म्हणजे कार्ब इंजिनाला जोडणाऱ्या नळीचं, रबर वाळून कार्बच्या तोंडावर आवळून बसलेलं असतं. सोडवायच्या वाटा दोन. कुठली धरायची ते रबराला विचारा.

नख दाबून बघा. खूण उमटून भरून आली तर रबर अजून जिवंत आहे, कार्ब ओढून निघेल. आधी पेट्रोलचा कॉक बंद करून फ्लोट बाउल (कार्बच्या तळाची पेट्रोलची वाटी) रिकामा करा, नळ्या सोडवा, वरचं झाकण फिरवून स्लाइड (थ्रॉटलने वरखाली होणारा आतला दट्ट्या) केबलसकट बाहेर घ्या. एअर फिल्टरकडचं रबरही सोडवा, म्हणजे कार्ब मागे सरकायला जागा होते. मग कढत पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं मॅनिफोल्डभोवती गुंडाळा, निवलं की पुन्हा. हीट गनने काम लवकर होतं, पण पेट्रोलच्या वाफेजवळ मी ती लावत नाही. हेअर ड्रायरही नाही, त्याच्या मोटरमध्ये ठिणग्या उडतात. कडेने साबणाचं पाणी सोडून कार्ब डावीउजवीकडे पिळत राहा. आधी केसभर फिरतो, मग ‘पच्’ आवाज करून हातात येतो.

नख उमटलंच नाही, किंवा वाकवल्यावर भेगा दिसल्या, तर त्या रबराचा लोभ सोडा. मॅनिफोल्डचे बोल्ट काढून कार्ब रबरासकट उतरवा आणि टेबलावर रबर कापून टाका. धोका बोल्टचा आहे. अॅल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये गंजलेला बोल्ट डोक्यापाशी तुटतो, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा. नवं रबर आणि गॅस्केट आधी आणून ठेवा. खर्च जास्त, पण रीड व्हॉल्व्हच्या (इंजिनात मिश्रण एकाच दिशेने सोडणाऱ्या झडपेच्या) पात्या तपासून होतात.

इतक्या जुन्या गाडीला मी रबरासकट उतरवण्याचीच वाट सांगेन. माझ्या गाडीचा डावा कार्ब एका गॅरेजात स्क्रूड्रायव्हरने उचकटला होता. रबर आतून फाटलं, बाहेरून काही दिसेना. तिथून हवा शिरली, मिश्रण पातळ झालं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि डावा पिस्टन घाटात तापून सीझ झाला, म्हणजे जाम झाला.

त्यामुळे कुठल्याही वाटेने गेलात तरी जोडणी झाल्यावर गाडी आयडलला (जागेवर, थ्रॉटल न देता चालू) ठेवून जॉइंटवर साबणाचं पाणी शिंपडा. इंजिनाचा आवाज बदलला तर अजून कुठून तरी हवा आत जातेय.