सहा चाकांच्या गाडीच्या किटपायी गेलेले ३७,८८० रुपये

मॉडेल किटच्या, म्हणजे सुटे भाग जोडून छोटी प्रतिकृती बनवायच्या संचाच्या, खरेदी-विक्रीत आगाऊ पैसे घेऊन गायब होणारे लोक असतात, हे या छंदातल्या कुणालाही नव्याने सांगायला नको. मलाही ते पक्के ठाऊक होते. तरीही एका माणसाने माझ्याकडून चार वेळा मिळून ३७,८८० रुपये काढून घेतले. सांगलीतल्या नातेवाइकांत आणि कुपवाड एमआयडीसीतल्या सहकाऱ्यांत हे बोलायची लाज वाटते. परंतु तो माणूस अजून मोकळा आहे आणि त्याचे पुढचे गिऱ्हाईक हे वाचत असू शकते, म्हणून काहीही न लपवता लिहितो आहे.

किट तामिया या जपानी कंपनीचे होते, टायरेल पी-३४ या शर्यतीच्या गाडीचे, १/१२ मापाचे. डेरेक गार्डनर यांनी आखलेली ही सहा चाकांची गाडी ज्यांना माहीत आहे, त्यांना माझी ओढ कळेल. पुढची चार चाके अवघ्या दहा इंची, म्हणजे ती पुढच्या पंखाच्या आड दडावीत आणि हवेचा अडथळा कमी व्हावा. १९७६ मध्ये स्वीडनच्या अँडरस्टॉर्पला याच गाडीतून जोडी शेक्टर हा चालक पहिला आणि पॅट्रिक देपाये दुसरा आला. सहा चाकांच्या गाडीने जिंकलेली फॉर्म्युला वनची ती एकमेव शर्यत. १९७७ मध्ये ही गाडी मागे पडली, कारण त्या लहान टायरांच्या सुधारणेचे काम बाकीच्या टायरांच्या मानाने रेंगाळले होते. १/१२ मापात कॉसवर्थ डीएफव्ही इंजिनाच्या आठ प्लगांच्या वायरी, तेलाच्या नळ्या, चालकाला पुढची चाके दिसावीत म्हणून कॉकपिटच्या बाजूला ठेवलेल्या छोट्या खिडक्या, हे सगळे हाताने करता येते. बारीक तांब्याची तार, सुई आणि भिंग घेऊन मी अनेक वर्षे अशीच कामे करत आलो आहे.

हे किट कायम बाजारात नसते. कंपनी ते मधून मधून पुन्हा काढते आणि साठा संपला की ज्याच्याकडे पडून आहे त्याच्याकडून घ्यावे लागते. छंदाच्या एका व्हॉट्सॲप गटात हा विक्रेता भेटला. किटसोबत एचिंग केलेले धातूचे बारीक भाग, टर्निंग केलेल्या ॲल्युमिनियमच्या रिम आणि नवे डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रे) मिळून त्याने २६,५०० रुपये सांगितले. ही किंमत संशय यावा इतकी कमी नव्हती, त्यामुळे स्वस्ताच्या मोहाने मी गेलो असे कुणी म्हणू नये. शिवाय तो बोलत होता तो जाणकारासारखा. जुन्या किटचे डेकल पिवळे पडतात आणि पाण्यात टाकल्यावर त्यांचे तुकडे होतात, जुन्या टायरांचे रबर प्लॅस्टिकच्या रिमला चिकटून ती वितळवते, हे त्याने मी न विचारता सांगितले. “काका, म्हणूनच तुमच्यासाठी धातूच्या रिम ठेवल्यात,” असे तो म्हणाला. चोराला इतके बारकावे माहीत असतील, असे मला वाटले नाही. आता वाटते की हेच बारकावे त्याचे भांडवल होते. समोरच्याला विषय कळतो म्हणून तो प्रामाणिक ठरत नाही, एवढे प्रत्येकाने डोक्यात ठेवावे.

किट जपानमध्ये, शिझुओकाला नोकरी करणाऱ्या त्याच्या मामेभावाकडे आहे, असे त्याने सांगितले. तामियाचे मुख्यालय शिझुओकालाच आहे, त्यामुळे ते ऐकायला बरोबर वाटले. १२,००० रुपये आगाऊ मागितले. ते देण्यापूर्वी मी अट घातली की जुने फोटो चालणार नाहीत, खोके उघडून पुढच्या चाकांच्या स्प्रूचा, म्हणजे सुटे भाग ज्याला जोडलेले असतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीचा, फोटो काढा आणि माप कळावे म्हणून शेजारी एखादे नाणे ठेवा. अट योग्यच होती. रात्री उशिरा फोटो आला.

त्या फोटोत स्प्रूशेजारी भारतीय दहा रुपयांचे नाणे होते.

शिझुओकातल्या टेबलावर दहा रुपयांचे नाणे कुठून येईल? हा प्रश्न शाळकरी मुलाला पडला असता. त्याहून वाईट म्हणजे माप. दहा इंच म्हणजे २५४ मिलिमीटर. १/१२ मापात ती रिम साधारण २१ मिलिमीटरची हवी आणि १/२० मापात १३ च्या आसपास. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे असते. फोटोतली रिम नाण्याच्या निम्म्याएवढी होती, म्हणजे ते १/२० मापाचे वेगळे, स्वस्त किट होते, आणि तेही याच देशात कुठल्या तरी टेबलावर पडलेले. मी मशीन शॉपमध्ये आहे. दिवसभर माझ्या हातात मायक्रोमीटर असतो आणि शंभरावा मिलिमीटर चुकला तर मी काम परत पाठवतो. त्या रात्री फोटो मोठा करून मी काय पाहिले, तर रिमच्या कडेला फ्लॅश, म्हणजे साच्यातून बाहेर आलेले जादा प्लॅस्टिक, किती आहे आणि प्लॅस्टिकचा रंग कसा आहे. नाणे मागवले मी, आणि नाण्याकडेच पाहिले नाही. माझी त्या आठवड्यात दुसरी पाळी होती, घरी येऊन मोबाइलच्या लहान पडद्यावर फोटो पाहिला, आणि इतका शोध घेतलेले किट अखेर सापडले या आनंदात होतो. ही कारणे खरी आहेत. तरी तो फोटो डोळ्यांसमोरून जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी १२,००० रुपये पाठवले.

पुढे सगळे ठरलेल्या वाटेने झाले. पार्सल टाकल्याचा क्रमांक आला आणि मी उरलेले १४,५०० भरले. आंतरराष्ट्रीय टपालाचा क्रमांक तेरा चिन्हांचा असतो: आधी दोन अक्षरे, मग नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरे, जपानसाठी जेपी. नवव्या आकड्यावरून आधीचे आठ बरोबर आहेत की नाहीत ते पडताळता येते. मला आलेल्या क्रमांकात आकडे आठच होते. मी तो टपाल खात्याच्या संकेतस्थळावर टाकायला हवा होता. त्याने पाठवलेल्या दुव्यावर तो टाकला, आणि तिथे पार्सल ‘मुंबईत पोचले’ असे दिसले. दुसऱ्याने दिलेल्या दुव्यावर कधीही काही तपासू नका.

मग ‘कस्टम्समधून’ फोन आला. शुद्ध हिंदी, पाठीमागे कार्यालयाचा गलका. ६,३८० रुपये ड्यूटी, आणि वस्तूची किंमत कमी दाखवल्याबद्दल ५,००० रुपये परत मिळणारी अनामत. दोन्ही रकमा मी यूपीआयने पाठवल्या. नाव एका खासगी व्यक्तीचे दिसत होते. विचारल्यावर ‘अधिकृत एजंट’ असे उत्तर मिळाले. कस्टम्सची ड्यूटी कुणाच्याही वैयक्तिक खात्यावर भरली जात नाही. टपालाने आलेल्या पार्सलची ड्यूटी टपाल खात्यात पावती घेऊन भरायची असते, आणि कस्टम्सच्या पत्रावर डीआयएन हा दस्तऐवजाचा ओळख क्रमांक असतो, जो सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. हे मला पैसे गेल्यावर कळले. अनामत भरली त्याच संध्याकाळी विक्रेत्याचा क्रमांक बंद झाला आणि गटातून त्याचे नाव नाहीसे झाले.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोच क्रमांक मिळाला. इथपर्यंत ठीक होते. त्यानंतर जे झाले त्याचा राग मला त्या चोरापेक्षा कमी नाही. बँकेत गेलो तर उत्तर मिळाले की पिन तुम्हीच टाकला, व्यवहार तुमच्या संमतीचा आहे, आम्ही काही करू शकत नाही. मी विचारले की समोरचे खाते निदान गोठवता येईल का. त्यासाठी पोलिसांचे पत्र आणा म्हणाले. पोलीस ठाण्यात गेलो तर सायबर विभागात जा, सायबर विभागात गेलो तर रक्कम लहान आहे, ठाण्यातच अर्ज द्या. ठाण्यात परत आलो तर आरोपीचा मोबाइल परराज्यातला आहे, तिकडे गुन्हा दाखल करा. गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. मी तो कागद छापून नेला होता. समोरच्या कर्मचाऱ्याने तो हातातही घेतला नाही. “खेळण्यातल्या गाडीला एवढे पैसे कशाला घालवायचे?” असे त्याने चार लोकांसमोर विचारले. माझे पैसे कष्टाचे आहेत. त्यातून मी ट्रॅक्टर घेतला काय, देवाला मुकुट केला काय किंवा मॉडेल किट घेतले काय, फसवणूक ती फसवणूकच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि त्या कलमात वस्तू कोणती असावी हे लिहिलेले नाही. साध्या अर्जावर पोच शिक्का मिळवायलाही मला वाद घालावा लागला. शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. शिक्का नसलेला अर्ज दिलाच नव्हता, असे सांगितले जाते.

या सगळ्या धावपळीत पहिले काही तास वाया गेले, आणि पैसे अडवायला तेच तास महत्त्वाचे असतात. पैसे गेल्याचे कळताच आधी १९३० ला फोन करा, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने प्रत्येक व्यवहाराला दिलेला संदर्भ क्रमांक) हाताशी ठेवा, बँकेत आणि ठाण्यात नंतर जा. गप्पा पुसू नका. संतापून मी काही संदेश काढून टाकले होते, ते स्क्रीनशॉटसाठी परत मिळाले नाहीत.

किट दुसऱ्याकडून घ्यायचे असेल तर खोक्याची बाजू, डेकलची पूर्ण शीट आणि स्प्रू एकाच फोटोत मागा, शेजारी त्याच दिवसाचे वर्तमानपत्र आणि स्टीलची पट्टी ठेवायला सांगा, आणि आलेल्या फोटोवर खरोखर माप घ्या. व्हिडिओ कॉलला नकार देणाऱ्याशी व्यवहार थांबवा. पुण्या-मुंबईचा विक्रेता असेल तर मिरजेहून गाडी धरा आणि हातात किट घेऊन पैसे द्या. तिकिटाचे पैसे वाचवायला जाऊ नका.

पोलीस ठाण्यात दाद न मिळाल्याने कलम १७३(४) नुसार मी जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी अर्ज केला आहे. तिथूनही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाईन. गटातल्या आणखी दोघांनी त्याच माणसाला पैसे दिल्याचे मला खासगीत सांगितले, पण लोक हसतील म्हणून तक्रार करायला ते तयार नाहीत. त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी तक्रार करावी. एकाच खात्याविरुद्ध तीन तक्रारी असतील तर ‘रक्कम लहान आहे’ हे उत्तर पोलिसांना देता येणार नाही.