एम.एस्सी. नर्सिंगचे १८ महिने आणि लेसन प्लॅनची फाइल

परवा माझ्या जुन्या आयसीयूतल्या एका सिस्टरचा फोन आला. तिला एम.एस्सी.ला ॲडमिशन मिळालीय. मी अभिनंदन करतेय तोवर तिने विचारलं, "ताई, तुमची लेसन प्लॅनची फाइल ठेवलीय ना? उतरवून घेते आणि लगेच परत देते." कपाटाच्या तळातून वर्गात शिकवण्याच्या टाचणांची ती फाइल काढली आणि वर्षभरापूर्वीचा सगळा राग पुन्हा वर आला. म्हणून हे लिहितेय. ५५ टक्के, वर्षाचा अनुभव, प्रवेश परीक्षा या ॲडमिशनच्या अटी तुम्हाला माहीतच आहेत, त्यात वेळ घालवत नाही.

मी नऊ वर्षं आयसीयूत काढली. नाइट झेपेनात आणि नव्या मुलींना शिकवायला आवडायचं, म्हणून नोकरी सोडून एम.एस्सी.ला मेडिकल सर्जिकल ही स्पेशालिटी घेतली. आता दुसरं वर्ष अर्धं सरलंय.

आधी फाइलबद्दल. आमच्या कॉलेजात प्रत्येक लेसन प्लॅन हाताने लिहावा लागतो. बाँड पेपरवर पट्टीने रेघा मारून सहा रकाने आखायचे: टाइम, ऑब्जेक्टिव्ह, कंटेंट, टीचर-लर्नर ॲक्टिव्हिटी, ए.व्ही. एड, इव्हॅल्युएशन. कंटेंटच्या रकान्यात पुस्तकातला मजकूर जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. पाऊण तासाच्या एका क्लाससाठी माझी २२ पानं झाली. खाडाखोड दिसली की पान परत, रकाना वाकडा आला की पान परत. पहिल्या वर्षात बाँड पेपर, पेनं, चार्ट, थर्माकोल, झेरॉक्स आणि बाइंडिंग यांवर ४,३०० रुपये गेले. हिशेब वहीत लिहिलेला आहे. पगार बंद असताना हे पैसे साठवणीतून काढले होते, त्यामुळे एकेक रुपया आठवतो. शिवाय टायपिंग येणाऱ्या बाईकडून रात्री दोनपर्यंत रेघा मारून घेण्यात शिक्षण कुठलं, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

राइल्स ट्यूब फीडिंगचा, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीने पेशंटला पातळ अन्न (फीड) देण्याचा, माझा प्लॅन तीनदा परत आला. पहिल्या दोन वेळा समासामुळे. तिसऱ्या वेळी प्लॅन तपासणाऱ्या मॅडमनी एकाच शब्दाला लाल गोल केला. मी लिहिलं होतं, 'विद्यार्थिनींना राइल्स ट्यूब फीडिंग समजेल.' त्यातल्या 'समजेल'ला. "समजलं हे तुला दिसणार कसं?" एवढंच विचारून त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली. ब्लूम यांनी १९५६ मध्ये मांडलेलं शिकण्याच्या उद्दिष्टांचं वर्गीकरण मी पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलंही असतं. पण एका क्रियापदासाठी २२ पानं पुन्हा? आठवडाभर मी मॅडमशी कामापुरतंच बोलले.

मग प्रॅक्टिस टीचिंगचा दिवस आला. समोर जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) पहिल्या वर्षाच्या दहा मुली. मी मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, नीट डेमो दिला. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर करायची. फीड देण्याआधी नळी पोटातच आहे याची खात्री करायची. हवा सोडून स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्यावर भरवसा ठेवायचा नाही, ॲस्पिरेट, म्हणजे नळीतून ओढलेला पोटातला द्राव, काढून त्याचा पीएच (आम्लता) ५.५ किंवा त्याखाली आहे का ते बघायचं. शेवटी विचारलं, "समजलं का?" दहाही जणी म्हणाल्या, "हो मॅडम."

रिटर्न डेमो, म्हणजे मुलींनी तेच करून दाखवणं, सुरू झालं. पहिल्या मुलीने सिरिंजचा प्लंजर काढला, सिरिंज नळीला जोडली आणि सरळ फीड ओतायला घेतलं. बेड सपाट, नळी तपासलेली नाही. दुसरीने हवा सोडून स्टेथोस्कोप लावला, कारण वॉर्डात तिने तेच पाहिलं होतं. सात जणींनी बेड वर केलाच नाही. त्या मुली हुशार होत्या, मन लावून ऐकत होत्या. मी त्यांना ऐकवलं होतं, त्यांच्या हातून करून घेतलं नव्हतं. तो खरा पेशंट असता तर ते फीड फुप्फुसात जाऊ शकलं असतं.

त्या रात्री मी ते वाक्य बदललं: 'विद्यार्थिनी फीड देण्याआधी बेड वर करून, ॲस्पिरेटचा पीएच तपासून दाखवेल.' 'तपासून दाखवेल' लिहिल्याबरोबर इव्हॅल्युएशनचा रकाना आपोआप भरला आणि वेळही कळली. दहा मुलींना प्रत्येकी तीन मिनिटं म्हणजे अर्धा तास, मग माझं बोलणं पंधरा मिनिटांत संपायलाच हवं. आयसीयूत नऊ वर्षं मी नव्या स्टाफला "बघ, मी कसं करते" म्हणत शिकवलं आणि शेवटी "समजलं ना?" विचारत आले. त्यातल्या किती जणी नुसतंच हो म्हणाल्या असतील, हा विचार अजून झोप उडवतो.

त्यामुळे सुरुवातीचं माझं मत मी अर्धं मागे घेते. क्रियापदासाठी फाइल परत करणाऱ्या मॅडम बरोबर होत्या. रेघांसाठी परत करणं तेव्हाही चूक होतं, आजही चूक आहे. रेघांचे ते तास मिळाले असते तर मी त्याच मुलींचा आणखी एक क्लास घेतला असता, आणि मला सगळ्यात जास्त गरज त्याचीच होती.

आता त्याहून मोठी तक्रार. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या अभ्यासक्रमात नर्सिंग एज्युकेशनला १५० तास थिअरी आणि १५० तास प्रॅक्टिकल आहे, तेही फक्त पहिल्या वर्षी. स्पेशालिटीचं प्रॅक्टिकल पहिल्या वर्षी ६५० आणि दुसऱ्या वर्षी ९५० तास. स्पेशालिटी हवीच, पण टीचर व्हायला आलेल्या बाईला दुसऱ्या वर्षी शिकवण्याचा विषयच नाही, हे मला पटत नाही. मी गाइड मॅडमना विचारून ज्युनिअर मुलींच्या ऑस्कीला (एकेका टेबलावर एकेक कौशल्य करून दाखवायची परीक्षा) स्टेशनवर उभी राहते. चेकलिस्ट हातात धरून एकेक पायरी बघताना जे शिकले, ते कुठल्याच फाइलीत नव्हतं. तुम्हीही मागून घ्या, नाही म्हणत नाहीत.

डिझर्टेशनबद्दल (प्रबंधाबद्दल) एकच सांगते: सिनॉप्सिस, म्हणजे त्याचा आराखडा, लवकर द्या, एथिक्स कमिटीची मीटिंग तुमच्यासाठी थांबत नाही.

पैशाचं स्पष्ट बोलते. मला आतापर्यंत ज्या ट्यूटरच्या जागेबद्दल विचारणा झाली, तिचा पगार माझ्या आयसीयूच्या पगारापेक्षा कमी आहे. असिस्टंट प्रोफेसरसाठी पुढे अनुभवाची वर्षं भरावी लागतात. घरचा हप्ता चालू असेल तर आधी हे गणित मांडा. बेडसाइड सोडवत नसेल तर क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा रेसिडेन्सी कोर्स बघा, तिथे तुम्ही पेशंटजवळच राहता. मी मात्र पुन्हा निवडायची वेळ आली तरी हेच घेईन.

फोनवरच्या त्या सिस्टरला मी फाइल दिली नाही. तिला वाईट वाटलं, आवाजावरून कळलं. रविवारी तिची सुट्टी आहे, घरी बोलावलंय. माझी धाकटी जाऊ पण येईल, तिला नर्सिंगमधलं काहीच येत नाही. दहा मिनिटांत सिस्टरने तिला हात धुवायला शिकवायचं. मग आम्ही दोघी गप्प बसून जाऊबाई हात कसे धुतात ते बघणार.