डेटा[१], डेटा[०] की डेटा[]? जुन्या सी कोडला हात घालण्याआधी

कुपवाड एमआयडीसीत मी वजनकाट्यांचं फर्मवेअर (काट्याच्या आत चालणारा प्रोग्राम) सी भाषेत लिहितो. हळदीच्या पोत्याचं वजन काट्यातून संगणकाकडे जातं ते एका छोट्या स्ट्रक्चरमधून: दोन बाइट प्रकार, दोन बाइट लांबी आणि शेवटी कमीजास्त होणारा बाइटांचा अ‍ॅरे. हा शेवटचा अ‍ॅरे कसा लिहायचा, एवढाच प्रश्न आहे.

डेटा[१] ही सी-८९ च्या, म्हणजे सी भाषेच्या १९८९ मधल्या प्रमाणाच्या काळातली तडजोड. कुठल्याही कंपायलरवर चालते. पण एक घर आधीच धरलेलं असतं, म्हणून मॅलॉकमध्ये (मेमरी मागणाऱ्या फंक्शनमध्ये) दरवेळी साइझऑफ (स्ट्रक्चरचा बाइटांतला आकार) अधिक लांबी 'वजा १' लिहायचं. गंमत अशी, की आमच्या स्ट्रक्चरचा साइझऑफ ५ नाही, ६ येतो. अलाइनमेंटसाठी, म्हणजे आकार दोनच्या पटीत बसावा म्हणून, कंपायलर शेवटी एक बाइट भरून टाकतो. म्हणजे १ वजा करूनही एक बाइट जास्तच.

डेटा[०] हे जीएनयूच्या कंपायलरने (जीसीसी) प्रमाणाबाहेर दिलेलं एक्स्टेन्शन. साइझऑफ ४, हिशेब सरळ. पण उद्या कुणी त्याच्याखाली स्ट्रक्चरमध्ये नवा मेंबर (घटक) घातला तरी कंपायलर हूं की चूं करत नाही, आणि खुद्द डेटाचा साइझऑफ विचारला तर गुपचूप ० देतो.

डेटा[] सी-९९ मधलं, म्हणजे १९९९ च्या प्रमाणातलं. मेमरीतली मांडणी [०] सारखीच, पण वरच्या दोन्ही चुका कंपाइल होतानाच अडतात. लिनक्स कर्नलने [०] आणि [१] दोन्ही टाकाऊ ठरवलेत. जीसीसी १३ पासून 'स्ट्रिक्ट फ्लेक्स अ‍ॅरेज' हा पर्याय ३ वर ठेवला, की फक्त [] लवचिक (लांबी आधी न ठरलेला) धरला जातो.

[०] असेल तर आजच बदला. युनियनमध्ये (एकाच जागेत वेगवेगळे मेंबर ठेवणाऱ्या प्रकारात) असेल तेवढं जपून. आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल (कंपायलरने तयार केलेली) ताडून पाहा, फरक दिसायला नको.

[१] ला मात्र घाई नको. मी केली होती. कंस रिकामा केला, पण एका फाइलमधलं 'वजा १' तसंच राहिलं. साइझऑफ ६ चा ४ झाला आणि मेमरी मागितली गेली ३ अधिक लांबी. आमचा शेवटचा बाइट म्हणजे चेकसम (डेटा बिघडला का ते तपासणारा आकडा), तो शेजारच्या जागेत लिहिला गेला. टेबलावर दोन दिवस सगळं सुरळीत, कारण मॅलॉक बऱ्याचदा मागितल्यापेक्षा थोडं जास्तच देतो. म्हणून आधी त्या स्ट्रक्चरचा प्रत्येक साइझऑफ शोधा, मग कंसाला हात लावा.

कंट्रोलरचा कंपायलर सी-९९ जाणत नसेल तर [१] राहू द्या. फक्त मेमरी मागताना साइझऑफऐवजी डेटाचा ऑफसेटऑफ (स्ट्रक्चरच्या सुरुवातीपासून डेटापर्यंतचं अंतर) अधिक लांबी घ्या. हा ऑफसेटऑफ तिन्ही प्रकारांत ४ च येतो.