नौपाड्यातले कॉम्प्युटरवाले काका – "एसएसडी गेली" असं ऐकून आला असाल तर आधी इथे जा

आधीच सांगते, दुकानाचं नाव लिहीत नाहीये. मी काकांना म्हटलं छान रिव्ह्यू टाकते तुमचा, तर म्हणाले "नको हो ताई, आधीच माणसं जास्त आणि मी एकटा". त्यामुळे एवढंच सांगते, ठाण्यात नौपाड्याला गोखले रोडवरून आत वळलात की एका जुन्या दुमजली बिल्डिंगच्या जिन्याखाली गाळा आहे, बाहेर झेरॉक्सची पाटी आहे आणि ती पण त्यांची नाही, शेजारच्याची आहे. शोधणाऱ्याला सापडतं.

तर झालं असं, मी वर्तकनगरला राहते, आमच्या आणि बाजूच्या अजून दोन सोसायट्यांचे हिशोब घरून करते, म्हणजे मेंटेनन्सची बिलं, पावत्या, टॅली वगैरे सगळं एकाच डेस्कटॉपवर. २९ तारखेला सकाळी कॉम्प्युटर चालू केला तर काळा स्क्रीन आणि त्यावर पांढरी एक ओळ, रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस. बंद करून चालू केला, तेच. प्लग काढून दहा मिनिटं ठेवला, तोपर्यंत चहा केला, परत तेच. एक तारखेला तीन सोसायट्यांची बिलं जायची आणि आमचे सेक्रेटरी असे की दोन तारखेला सकाळी आठला बेल वाजवतात.

पहिल्यांदा गेले स्टेशनजवळच्या एका दुकानात, काचेचा दरवाजा, एसी, टीशर्टवर नाव छापलेली मुलं. त्यातल्या एकाने कॅबिनेटला वायर लावली, ती पांढरी ओळ बघितली आणि पाच मिनिटांत निकाल, "एसएसडी डेड आहे मॅडम", म्हणजे विंडोज आणि डेटा ज्यात असतो ती चिपवाली डिस्कच गेली. नवीन एसएसडी, विंडोज टाकायचे वेगळे, डेटा काढायचे वेगळे आणि त्याची गॅरंटी नाही, सगळे मिळून साडेनऊ हजार. वर "तसंही मशीन जुनं आहे, नवीनच घेऊन टाका". मी हिशोबाची बाई, साडेनऊ हजाराचा ब्रेकअप मागितला तर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. उचलली पेटी आणि आले घरी.

काकांचा पत्ता आमच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेकाला घेऊन निघाले, रिक्षात मांडीवर कॅबिनेट, नितीन कंपनीच्या सिग्नलला वीस मिनिटं, ते सोडा.

मला काकांचं पहिल्यांदा आवडलं ते हे की स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी त्यांनी प्रश्न विचारले. शेवटचं कधी व्यवस्थित चालू झालं होतं, लाइट गेली होती का, अपडेट मारत होतं का, काही पडलं-बिडलं का. आणि मग, "गेल्या दोन-चार दिवसांत आत कोणी हात घातला?" मी एकदम ठामपणे नाही म्हटलं. लेक मानेमागे खाजवत होता, ते माझ्या लक्षात आलं नाही, काकांच्या आलं असणार.

मग त्यांनी मशीन लावलं, चालू करताना डिलीटचं बटण टकाटका दाबत राहिले आणि बायोसमध्ये गेले, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये. आणि मला बोलावून दाखवलं, हे महत्त्वाचं, दाखवलं. एका ओळीत आमच्या एसएसडीचं नाव आणि पुढे २४० जीबी. "बघा, हजेरी लावतेय. मेलेला माणूस हजेरी लावतो का?" नंतर बूटच्या पानावर गेले, तिथे जो क्रम असतो तो रिकामा. नॉर्मली तिथे विंडोज बूट मॅनेजर असं लिहिलेलं असतं म्हणे. म्हणजे डिस्क दिसतेय पण चालू कुठून व्हायचं ते मशीनला माहीत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एसीवाल्या मुलाने बायोस उघडलाच नव्हता.

तारीख-वेळ पण बघितली, बरोबर होती, म्हणाले मग सेल ठीक आहे. बोर्डावर जो गोल सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा, तो संपला की बायोसच्या सेटिंग पुन्हा पहिल्यासारख्या होतात, चालू व्हायची नवी पद्धत (यूईएफआय) जाऊन जुनी (लेगसी) होऊन बसते किंवा साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, मोड बदलतो, आणि माणसं डिस्कला शिव्या देत येतात. तीस-चाळीस रुपयांचं काम असतं असं म्हणाले आणि लोक नवीन डिस्क घेऊन जातात.

मग एसएसडी काढली, एका यूएसबीच्या वायरला जोडून स्वतःच्या कॉम्प्युटरला लावली. हेल्थ ९३ टक्के. आणि माझे फोल्डर दिसायला लागले एकेक, टॅलीचा फोल्डर दिसला तेव्हा खरं सांगते घशाशी आलं काहीतरी. काकांचं लक्ष तिकडे नव्हतंच, ते एक काळी खिडकी उघडून त्यात टाइप करत होते, डिस्कपार्ट म्हणून एक प्रकार आहे त्यात. दोनच तुकडे दिसले डिस्कचे, एक १६ एमबीचा आणि एक मोठा. "इथे अजून एक पाहिजे, छोटा, १०० एमबी वगैरे. तो नाहीये. कधी नव्हताच." आणि खुर्ची फिरवून थेट लेकाकडे बघितलं. "काय काढलंस रे?"

तर साहेबांनी २८ तारखेच्या रात्री जुनी हार्ड डिस्क काढली होती. घरघर आवाज करते, आणि विंडोज तर एसएसडीवर आहे, मग तिचा काय उपयोग, असा विचार. चालू करून बघितलंही नाही. आता यात लॉजिक अगदीच चुकीचं नाही बरं का, मलाही तसंच वाटलं असतं. पण काकांनी जे सांगितलं ते असं की हे मशीन आपण २०१७ ला घेतलं तेव्हा त्यात फक्त हार्ड डिस्क होती, नंतर ज्याने एसएसडी बसवली त्याने विंडोज नवीन टाकलं पण टाकताना जुनी डिस्क काढून ठेवली नाही. सेटअपला जुन्या डिस्कवर बूटची जागा आधीच तयार दिसली, त्याने चालू करायच्या फाइल तिथेच ठेवल्या आणि बाकी अख्खं विंडोज एसएसडीवर. इतकी वर्षं मशीन रोज आधी जुन्या डिस्ककडे जायचं, तिथून एसएसडीचा पत्ता घ्यायचं आणि मग चालू व्हायचं. "घर नौपाड्यात आणि किल्ली गावच्या घरात, असं चाललंय तुमचं," इति काका.

सोपा उपाय म्हणजे जुनी डिस्क परत लावायची. ती कुठेय? कळव्याला मित्राकडे, गेमसाठी दिली. मित्राला तिथूनच फोन लावला. त्याने मिळाल्या मिळाल्या फॉरमॅट मारली होती. यावर काका हसले, मी हसले नाही.

मग लांबचा उपाय. आधी माझा सगळा डेटा त्यांनी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घेतला, ७० जीबीच्या वर होता, त्याशिवाय हात लावणार नाही म्हणाले, आणि मी हे परत सांगते कारण बरेच जण हे करतच नाहीत. मग एसएसडी परत मशीनमध्ये, विंडोजचा पेनड्राइव्ह लावून त्यावरून चालू केलं, पण इन्स्टॉल न करता शिफ्ट आणि एफ १० दाबलं की तीच काळी खिडकी येते. मोठ्या तुकड्यातून थोडी जागा सोडवली, त्यात २६० एमबीचा ईएफआयचा, म्हणजे चालू करायच्या फाइल ठेवायचा तो हरवलेला तुकडा केला, फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केला, आणि मग बीसीडीबूट म्हणून एक कमांड, जी एसएसडीवरच्याच विंडोजमधून चालू करायच्या फाइल घेऊन त्या नवीन तुकड्यात टाकते. विंडोज नवीन टाकायची गरजच नाही, टॅली जागच्या जागी. मध्ये एकदा थांबून लेकाला दाखवलं की इथे पेनड्राइव्हवरून आल्यावर सी ड्राइव्ह सी असेलच असं नाही, कधी डी होते, आधी आत डोकावून विंडोजचा फोल्डर कुठेय ते बघायचं मग कमांड मारायची, अंदाजाने नाही. लेक मान डोलवत होता, इतका नम्र मी त्याला दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदा बघितला.

पेनड्राइव्ह काढला, चालू केलं, गोल गोल ठिपके फिरले आणि आमच्या गणपतीचा फोटो आला स्क्रीनवर. सव्वानऊ वाजले होते. बिल ७०० रुपये.

कॉपी होईपर्यंत तासभर स्टुलावर बसले होते तेव्हा एक मुलगा आला, त्याने स्वतःच एम.टू एसएसडी (पट्टीसारखी असते, थेट बोर्डात बसते) घेऊन जुन्या बोर्डात बसवली होती आणि दिसतच नव्हती. काकांनी एक नजर टाकली, त्याने आणलेली एनव्हीएमई, म्हणजे वेगळ्या, जास्त वेगवान पद्धतीने बोलणारी, आणि बोर्डचा स्लॉट फक्त साटावाली एम.टू घेणारा. बसायला दोन्ही सारख्याच बसू शकतात म्हणे, खाचेत गेली म्हणजे चालेल असं नाही, आधी बोर्डचं मॅन्युअल वाचायचं. त्याच्याकडून एक रुपया घेतला नाही, फक्त दहा मिनिटं लेक्चर दिलं. अजून एकजण एसएसडी घेऊन आला जी कुठल्याच मशीनला लावली तरी बायोसमध्ये दिसत नव्हती. त्याला सरळ सांगितलं ही खरंच गेली, तिला आतून चालवणारी चिप, कंट्रोलर, गेला असणार, माझं काम नाही, लॅबवाले बघतील पण मिळेलच असं नाही. हार्ड डिस्क निदान कुरकुर करून सांगते, ही बया काही न सांगता जाते. म्हणजे सगळंच दुरुस्त करतो असा आव नाही, हे मला आवडलं.

आता तक्रारी, कारण पाचपैकी चारच स्टार देतेय. दुपारी एक ते पाच दुकान बंद, आणि हे कुठेही लिहिलेलं नाही, मी पहिल्यांदा साडेचारला पोचले आणि त्या पेटीसकट पायरीवर बसले. फोन उचलत नाहीत. पंखा आहे पण तो त्यांच्याकडे तोंड करून. पक्कं बिल देत नाहीत, चिठ्ठीवर ७०० लिहून सही, माझ्यासारखीला ते झोपेत पण टोचतं. आणि बोलतात खूप, विंडोज टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तुमचा प्रोसेसर सातव्या जनरेशनचा म्हणजे इलेव्हनच्या यादीत बसत नाही, यावर पंधरा मिनिटं. पण नवीन घ्या असं एकदाही म्हणाले नाहीत, बँकेची कामं यावर करू नका एवढंच म्हणाले, ते मी ऐकलंय.

बिलं ३१ ला रात्री गेली. सेक्रेटरींनी तरीही दोन तारखेला बेल वाजवली, एका फ्लॅटचं पार्किंग चुकलं होतं, ती चूक माझी.

जाणार असाल तर फक्त कॅबिनेट न्या, मॉनिटर-कीबोर्ड त्यांच्याकडे आहे, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून न्या, आणि संध्याकाळी सहानंतर जा. शनिवारी नको, स्टूल एकच आहे.