काळा घोड्याचं डेव्हिड ससून वाचनालय: सभासद व्हाच

चार वर्षं मी इथली सभासद आहे. कायद्याच्या परीक्षेचा निम्मा अभ्यास वरच्या सज्जातल्या लांब हातांच्या आरामखुर्चीत झालाय. समोर काळा घोड्याची वर्दळ, मागे बाग, डोकं शिणलं की तिथे जाऊन बसायचं. खुर्ची हवी असेल तर सकाळी लवकर या. मुंबईच्या या भागात इतका निवांतपणा दुसरीकडे मला तरी मिळाला नाही.

आत शिरताना डेव्हिड ससून यांचा पांढरा संगमरवरी पुतळा लागतो. फेटा, दाढी, पायघोळ झगा. रोज बघून बघून ते मला घरातल्या आजोबांसारखे वाटायला लागले होते. गेल्या वर्षी इंदूरहून बाबा आले. त्यांची अख्खी नोकरी मंदसौर-नीमचकडे, माळव्याच्या अफू पिकवणाऱ्या भागात गेली. पुतळ्यासमोर उभं राहून त्यांनी विचारलं, "अफूवाले ससून ते हेच ना?"

लहानपणी बाबांनी मला अफूचं शेत दाखवलं होतं. दुपारी डोड्याला, म्हणजे अफूच्या बोंडाला, चिरा देतात, रात्रभर पांढरा चीक पाझरतो, सकाळी तो तपकिरी झालेला असतो, मग हलक्या हाताने खरवडून घेतात. माळव्याची हीच अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. या धंद्यात जमशेटजी जीजीभॉय होते, इंग्रज सरकारही पेटीमागे कर घ्यायचं. ससूनांची पेढी मात्र त्यात फार मोठी झाली, आणि तिकडे चीनमध्ये घरंच्या घरं त्या व्यसनाने बसली.

हेच डेव्हिड ससून बगदादमधल्या जाचातून सुटून मुंबईला आले होते. टाकसाळीतल्या आणि गोदीतल्या कारागिरांनी १८४७ मध्ये काढलेल्या या संस्थेच्या इमारतीला त्यांनी ६०,००० रुपये दिले. ती १८७० मध्ये पुरी झाली, ते १८६४ मध्येच पुण्यात वारले होते. पुण्यात अजूनही अडलेल्या माणसाला "ससूनला न्या" म्हणतात, ते रुग्णालयही त्यांच्याच देणगीतलं.

नाव पुसावं असं मला अजिबात वाटत नाही. पण साठ हजारांचा आकडा सांगताना ते पैसे कशातून आले, तेही त्याच दमात सांगावं. मी आता मैत्रिणींना घेऊन आले की पुतळ्यापाशी थांबून दोन्ही सांगते.

त्या दिवशी निघताना बाबा परत तिथेच थांबले. म्हणाले, "यांनी अफूचं शेत कधी पाहिलं असेल का गं?"