बोटीला ‘कोटिंग’ करून देतो म्हणणाऱ्यापासून सांभाळा

मालवणजवळच्या देवबागला माझी २४ फुटी फायबरची बोट आहे. डॉल्फिन दाखवायचे, त्सुनामी आयलंडला माणसं न्यायची, त्यावर घर चालतं. पावसाळ्यात बोट वर ओढून झापांच्या माटवाखाली (माडाच्या विणलेल्या झावळ्यांच्या मांडवाखाली) ठेवतो आणि सप्टेंबरच्या तोंडावर घासूनपुसून पाण्यात घालतो. गेल्या वर्षी हे काम मी बाहेरच्या माणसाला दिलं आणि फसलो. या किनाऱ्यावर माझ्यासारखे पुष्कळ आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

२०२५ ची चतुर्थी २७ ऑगस्टला होती. तिच्या आधीच्या आठवड्यात घरात माटवी (गणपतीच्या वर टांगतात ती चौकट) बांधायची गडबड, चाकरमानी यायचे, आणि नेमका तेव्हाच हा माणूस आला. बोलायला गोड. "दादा, गाड्यांना करतात तसं सिरॅमिक कोटिंग बोटीला करतो, दोन वर्षं बघायला नको." फुटाला ३५० रुपये, म्हणजे ८,४००. त्यातले ५,००० आगाऊ.

मला भुलवलं ते त्याने दाखवलेल्या नमुन्याने. नाळेजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, वीतभर जागा त्याने माझ्यासमोर केली. आधी ८०० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर) पाणी मारत फिरवला, मग १००० चा, मग १५०० चा. त्यावर रबिंग कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट) आणि मशीन. खरं सांगतो, त्या तुकड्यात माझं तोंड दिसत होतं. बाकीची बोट खडूसारखी पांढुरकी आणि मध्ये तो निळाशार चौकोन. तिथल्या तिथे पैसे काढून दिले.

मी बाजाराला गेलो आणि पाच तासांनी परत आलो तर अख्खी बोट चकचकीत. तेव्हाच शंका यायला हवी होती. चोवीस फूट बोट नीट घासून, कंपाउंड मारून, वॅक्स करायला दोन माणसांना दोन-तीन दिवस लागतात. पण पाणी टाकलं तर मोत्यासारखे थेंब घरंगळत होते, आणि मला वाटलं काम पक्कं झालं. उरलेले ३,४०० दिले. बिल मागितलं नाही, ही माझी मोठी चूक.

पाणी घरंगळलं म्हणजे काही सिद्ध होत नाही, हे मला नंतर कळलं. टायरला, डॅशबोर्डला लावतात ते सिलिकॉनचं तेल नुसतं फासलं तरी थेंब तसेच पळतात. त्याच्याकडे पाच लिटरचा बिनलेबलचा कॅन होता. खरं सिरॅमिक कोटिंग छोट्या बाटलीतून, थेंब थेंब मोजून वापरतात. फायबरवरचा रंगीत थर, ज्याला आपण जेलकोट म्हणतो, तो जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. उन्हाने त्याची वरून भुकटी होते. ती भुकटी काढल्याशिवाय वर काहीही लावलं तरी ते भुकटीवरच बसतं. ऑक्टोबरच्या उन्हात तीन आठवड्यांत माझी बोट पुन्हा पांढरी पडली. काळं फडकं फिरवलं तर पीठ लागल्यासारखं पांढरं झालं.

पैसे गेले त्याचं मी सोसलं असतं. त्याने ते तेल डेकवरही फासलं होतं, चढायच्या पायरीवरसुद्धा. पहिल्याच आठवड्यात नाशिकच्या एक आजी ओल्या पायाने चढल्या आणि सरकन घसरल्या. माझ्या मुलाने दंडाला धरलं म्हणून वाचल्या, नाहीतर डोकं इंजिनावर आपटलं असतं. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीत बोट उलटून दोन पर्यटक गेले, तेव्हापासून आम्ही लाइफ जॅकेटशिवाय कोणाला बसू देत नाही. आणि इथे मीच पैसे देऊन पायरी निसरडी करून घेतली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. पाय पडतो तिथे वॅक्स, पॉलिश, तेल काही म्हणजे काही लावू देऊ नका.

नोव्हेंबरात बोटीचं नाव आणि नंबर पुन्हा रंगवायला आमचे नेहमीचे रंगारी काका आले. ब्रश फिरवला तसा रंग मागे सरकला, जागोजागी माशाच्या डोळ्याएवढे गोल खड्डे. काकांनी हाताचं बोट त्यावर घासून नाकाशी धरलं. "ह्येच्यार कसला तरी तेल हा. रंग धरूचो नाय." मग थिनर आणि फडकी घेऊन दोन दिवस आम्ही ते उतरवत बसलो, ऐन सीझनमध्ये. एक फडकं दुसऱ्यांदा वापरायचं नाही, नाहीतर तेल नुसतं पसरतं. तो खर्च वेगळाच. त्या माणसाचा फोन दिवाळीपासून बंद आहे आणि हातात कागद नाही, त्यामुळे तक्रार करायची तर कशाच्या आधारावर?

आमचे वाडवडील लाकडी होडीला मुशीचं (शार्क माशाचं) तेल लावायचे, ते स्वतःच्या हाताने. फायबरचं कामही हाताने जमतं, वेळ लागतो इतकंच. माणूस लावायचाच असेल तर नमुन्याची जागा त्याला निवडू देऊ नका, इंजिनाकडची सगळ्यात खराब जागा तुम्ही दाखवा. काम चालू असताना तिथून हलू नका. झाल्यावर साबणाच्या पाण्याने एक कोपरा जोरात धुवा, सुकू द्या, मग काळं फडकं घासा. पांढरं लागलं तर पैसे देऊ नका. कॅनवर नाव नसेल तर त्यातलं काही बोटीला लावूच देऊ नका. आणि चतुर्थीच्या गडबडीत कोण आला तर सरळ सांगा, गणपती गेल्यावर ये.